फ्लॅट ३०४, मालक दामोदर खरात

मी, राजाराम हरिदास आठल्ये, वय वर्षे एकोणऐंशी, केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त, राहणार फ्लॅट ३०४, केवडा सहकारी गृहनिर्माण संस्था, द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले आणि मी दोनवर पोचलो तरी ते फोनवरच बोलत होते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. चिरंजीवांनी आणून पाहिले, पण ते हे मृत्युपत्र होऊ नये म्हणून होते, त्यामुळे धरण्याचे कारण नाही.

माझे वकील ॲड. मानस यांनी एक मसुदा टाइप करून आणला होता. मुलगा चांगला आहे. लातूरहून दिल्लीला कलेक्टर व्हायला आला, चार वेळा परीक्षा दिली आणि मग वकील झाला. पण त्याचा मसुदा वाचून मेला तो मी की दुसराच कोणी, हे कळेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केले, आता स्वतःचा तरी धड लिहावा म्हणून बसलो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कोणी शेवटचे पान आधी उघडणार नाही. हा सगळा खटाटोप फ्लॅट ३०४ साठी आहे. तो माझा नाही. सतरा वर्षे मी त्यात राहतो, त्याचा प्रत्येक हप्ता मी भरला, भिंतींचा रंग माझ्या पत्नीने, नीलाने निवडला, आणि तरीही तो माझा नाही. तो ज्यांचा आहे त्यांना मिळावा, एवढेच या कागदाचे काम आहे.

कलम १. सन २००६ मध्ये मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी हा फ्लॅट ‘माझ्या मालकीचा व कब्जेवहिवाटीचा’ असे लिहून चि. यतीनला दिला होता. ते वाक्य खोटे आहे हे लिहितानाच मला माहीत होते.

कलम २. माझ्यामागे दिवस-बिवस घालू नयेत. आमच्या इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेऊ नये. मंडळाच्या शोकसभेत दहा मिनिटे गेलेल्याबद्दल आणि पाऊण तास बोलणाऱ्याबद्दल बोलले जाते. नीलाच्या वेळी मी ते ऐकून घेतले, माझ्या वेळी मी तिथे नसेन हीच काय ती सोय.

कलम ३. मंडळाची मोठी निळी सतरंजी, जिच्यावरून सन १९९८ मध्ये दोन सभासदांचे बोलणे बंद झाले, ती माझ्या माळ्यावर आहे. गणपतीनंतर आमच्या ऑफिसातल्या दामूने ती धुऊन, वाळवून माझ्याकडे आणून ठेवली आणि मी सांगायचे विसरलो. नंतर भांडण इतके पेटले की सांगायची सोय उरली नाही. दामूवर संशय घेतला गेला तेव्हाही मी बोललो नाही. सतरंजी मंडळाला परत करावी आणि हे कलम सभेत मोठ्याने वाचावे.

कलम ४. बँकेतल्या ठेवी चि. यतीनला. शब्दकोश आणि जुने दिवाळी अंक नातू अर्णवला. तो ते वाचणार नाही. त्याला ‘कोनाडा’ म्हणजे काय हे हिंदीत सांगावे लागते. पण या घरात मला सरळ प्रश्न त्यानेच विचारला. चौथीत असताना सोसायटीचे बिल हातात घेऊन म्हणाला, “आजोबा, खरात कौन है?” मी म्हणालो, आहेत एक ओळखीचे. यतीनने त्याला खेळायला पाठवले.

कलम ५. आता फ्लॅट.

सन १९९२ मध्ये आमच्या खात्यातल्या काही जणांनी मिळून गृहनिर्माण सोसायटी काढली. तेव्हा द्वारकेला पप्पनकलाँ म्हणत. बाभळी, धूळ आणि नीलगायी. बसमधून उतरून आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा नीला म्हणाली, “इथं कोण राहायला येणार?” पण देशाची दारे नुकतीच उघडली होती, ऑफिसात जो तो शेअर आणि प्लॉट यांबद्दल बोलत होता, आणि मागे राहण्याची मला भीती वाटली. अडचण एकच होती. ज्याच्या किंवा ज्याच्या बायकोच्या नावावर दिल्लीत आधी घर आहे, त्याला सभासद होता येत नव्हते. आमचे जनकपुरीचे घर नीलाच्या नावावर होते.

यावर ऑफिसात ठरलेला उपाय होता. दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने सभासद व्हायचे आणि पैसे आपण भरायचे. कोणी मेव्हण्याचे नाव लावले, कोणी सासऱ्याचे. माझे मेव्हणे उद्या खरेच येऊन राहिले असते. म्हणून मी दामूचे नाव लावले.

दामू म्हणजे दामोदर विठ्ठल खरात, आमच्या सेक्शनचा शिपाई. मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, एका बदली झालेल्या साहेबांबरोबर दिल्लीत आला आणि साहेब परत गेले तरी इथेच राहिला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या तो मांडायचा आणि मागे उभा राहून नाटक बघायचा. बस म्हटले तरी बसायचा नाही, आणि खरे सांगायचे तर बस म्हणून दोनदा कोणी म्हणत नव्हते. त्याच्यावर माझा फार विश्वास होता, असे मी लोकांना सांगत आलो. विश्वास कसला? हा कधी काही मागणार नाही याची खात्री होती.

मी दिवाळीला कोणा ठेकेदाराकडून मिठाईचा डबासुद्धा घेतला नाही. हेही मी लोकांना सांगत आलो, जरा जास्तच वेळा. आणि ऑफिसातल्या त्याच टेबलावर कागद पसरून मी म्हणालो, “दामू, सही कर.”

“कुठं, साहेब?”

“इथे, इथे आणि मागच्या पानावर.”

त्याने केली. कागद कशाचा आहे ते मी सांगितले, पण सही झाल्यावर. तो म्हणाला, “बरं साहेब,” आणि चहा आणायला गेला.

सोसायटीच्या वहीत सभासद दामोदर खरात. सोडतीत फ्लॅट निघाला तो दामोदर खरात यांना. आजही दर तिमाहीचे बिल त्याच नावाने येते. सन २००१ मध्ये वास्तुशांतीला दामू आणि त्याची बायको शेवंता आले, तेव्हा फाटकावर चौकीदाराने अडवले. “तीन सौ चार? वहाँ तो खरात साहब हैं.” दामू म्हणाला, “वो मैं ही हूँ.” चौकीदाराने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि कामवाल्यांच्या लिफ्टने जायला सांगितले. दामूने वर येऊन ही गंमत सगळ्यांना सांगितली. पाहुणे हसले, मी हसलो, नीलाने त्याला आणखी श्रीखंड वाढले. शेवंताबाई हसल्या नव्हत्या, हे मला आज आठवते. तेव्हा दिसले होते की नाही, देव जाणे.

दामू सन २०१३ मध्ये काविळीने गेला. मी फरीदाबादला गेलो, अर्धा तास बसलो, परत आलो.

यंदा ऑगस्टमध्ये यतीनने हा फ्लॅट विकायला काढला. मला न विचारता. गुडगावात, गुरुग्राम म्हणायचे आता, त्याला आणखी वरच्या मजल्यावरचे, आणखी मोठे घर हवे आहे. गिऱ्हाईक मिळाले, यतीनने इसार घेतला, आणि गिऱ्हाइकाच्या बँकेने खरातांच्या वारसांचे ना-हरकत पत्र मागितले. “बाबा, तुम्ही जा ना,” यतीन म्हणाला, “तुमचं ऐकतात ते लोक. एक सिग्नेचर तर हवीय.” मी मेट्रोने निघालो. मंडी हाऊसला गाडी बदलली, फरीदाबादला उतरून रिक्षा केली. पिशवीत टाइप केलेला कागद आणि शेवंताबाईंसाठी साडी होती. साडी! त्या साडीची आठवण आली की अजून कानशिले तापतात.

एका कारखान्यामागच्या गल्लीत, जिन्यावरून वर, भाड्याची एक खोली. नळ खाली, सात बिऱ्हाडांत एक. शेवंताबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्या जिन्यावरून बादल्या चढवतात. मुलगी कादंबरी जवळच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर आहे, त्या दिवशी तिची सुट्टी होती. मी आलो म्हणून खुर्ची शेजारून आणली.

“दामूचे काही कागद असतील तर बघा, मृत्यूचा दाखला लागेल,” मी म्हणालो. शेवंताबाईंनी पेटी उघडली आणि सगळे पुडके माझ्या हातात दिले. त्यात एक सरकारी पत्र होते, सन २००४ चे. कमी पगारवाल्यांसाठी छोट्या घरांची योजना निघाली होती, दामूने अर्ज केला होता, आणि सोडतीत त्याचा नंबर लागला होता. दोन महिन्यांनी हे पत्र आले होते. अर्जदाराच्या नावे द्वारका येथे सहकारी संस्थेत फ्लॅट असल्याचे आढळल्याने वाटप रद्द करण्यात येत आहे.

मी ते तीनदा वाचले. असल्या भाषेतली पत्रे लिहिण्यात माझी छत्तीस वर्षे गेली आहेत, एका वाचनात कळायला हवे होते.

“तुम्हाला माहीत होतं हे?” मी विचारले.

“व्हतं की,” शेवंताबाई म्हणाल्या. “पेढे वाटले होते आम्ही गल्लीत. तुमच्याकडंबी घेऊन आले होते हे.”

आले होते. एका संध्याकाळी दामू पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. मला वाटले पोरगी पास झाली असेल. मी दोन पेढे खाल्ले आणि कशाचे, हे विचारले नाही.

“मग मला का नाही सांगितलं? मी काही तरी केलं असतं!”

“काय केलं असतं, साहेब?” त्यांनी शांतपणे विचारले. “मी रोज म्हणायची, जा, बोला. हे म्हणायचे, साहेबांनी चुकीचं काम केलं हे बाहेर पडेल, त्यांची पेन्शन जाईल. आपलं घर गेलं तर गेलं.”

मी काय केले असते? काहीही नाही. हे मी इथे शपथेवर लिहितो.

आणि याच्यावर कडी म्हणजे बाईंनी पेन मागितले. “आणा तो कागद, कुठं करू सही?” त्या टेकवणार तेवढ्यात कादंबरीने कागद ओढून घेतला. ती पोरगी दिल्लीत वाढली, अर्धे हिंदीच बोलते. तिने अख्खा कागद वाचला, मग म्हणाली, “काका, यात लिहिलंय की आमचा या फ्लॅटवर काही हक नाही. मतलब, आहे का?”

सव्वीस वर्षांत कोणीही विचारले नव्हते.

“आहे,” मी म्हणालो. “सगळाच तुमचा आहे.” आणि कागद पिशवीत घालून घरी आलो. साडी तिथेच विसरलो, हे एक बरे झाले की वाईट, मला ठरवता येत नाही.

तरी फ्लॅट ३०४ हा दामोदर विठ्ठल खरात यांचाच होता व त्यांच्यामागे श्रीमती शेवंता खरात व कु. कादंबरी खरात यांचा आहे, हे मी ______ मान्य करतो. माझा किंवा माझ्या वारसांचा त्यावर कसलाही हक्क नाही.

कलम ६. दिल्लीत अशा व्यवहाराला नुसते मुखत्यारपत्र पुरत नाही, सोबत ज्याचे नाव लावले त्याचे मृत्युपत्रही करून ठेवतात. म्हणून सन १९९३ मध्ये दामूनेही मृत्युपत्र केले. म्हणजे मी मसुदा केला आणि त्याने सही केली. ज्या माणसाकडे एक सायकल आणि दोन पितळी हंडे होते, त्याने मरताना आपला द्वारकेचा फ्लॅट ‘प्रेमापोटी’ राजाराम आठल्ये यांना दिला आहे. ‘प्रेमापोटी’ हा शब्द माझा. तो कागद मी फाडायला घेतला तेव्हा मानसने माझा हात धरला. “काका, फाडू नका, नंतर कोर्टात लोक म्हणतील, फ्लॅट तुम्हालाच मिळाला होता, कोणी तरी फाडायला लावलं. त्याच्यावर हक्कसोड लिहा.” लिहिली आहे. सोबत जोडली आहे. या कागदाने मला मिळालेला प्रत्येक हक्क मी सोडत आहे.

कलम ७. चि. यतीन यास. तू फोनवर विचारलेस, “बाबा, आर यू सीरियस? हप्ते तर तुम्ही भरले ना?” हो, मी भरले. सिमेंट-विटांचे पैसे मी दिले. पण आपल्याला एकाऐवजी दोन घरे व्हावीत म्हणून दामूने त्याचे एकुलते एक घर घालवले, त्याची पावती कुठे आहे? जनकपुरीचे घर तुझ्या शिक्षणासाठी आणि गुडगावच्या पहिल्या फ्लॅटसाठी विकले, तेव्हा तुझा वाटा तुला पोचला. तू म्हणालास की त्या लोकांना एकरकमी काही तरी देऊन टाकू, खूश होतील. हे ‘त्या लोकांना’ तू माझ्याकडूनच शिकलास, म्हणून फार बोलत नाही. इसार परत कर. कोर्टात जायचे असेल तर जा, पण तिथे पहिला प्रश्न तुझा बाप बेनामी व्यवहार करत होता का, हा असेल, आणि उत्तर या कागदात माझ्या अक्षरात आहे.

कलम ८. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सभासदत्व खरातांच्या वारसांच्या नावे करण्याचा अर्ज दिला. त्यांनी चष्मा काढला. “आठल्ये जी, ये तो आपके पियन की वाइफ हैं ना? बाकी मेंबर क्या सोचेंगे?” मी म्हणालो, तुमच्या वहीत सव्वीस वर्षे तो पियनच मेंबर आहे, तेव्हा बाकीचे मेंबर काय विचार करत होते? ते म्हणाले, वो बात अलग है. अर्जाची पोच घेतली आहे, तारीख-शिक्क्यासह.

कलम ९. येथपर्यंत लिहून झाल्यावर, गेल्या रविवारी मी शेवंताबाई, कादंबरी आणि मानस यांना घरी बोलावले आणि हे सगळे वाचून दाखवले. खाली जाऊन स्वतः फाटकावर उभा राहिलो आणि पुढच्या लिफ्टने त्यांना वर आणले. मला वाटले होते, बाई रडतील. लाज वाटते लिहायला, पण वाटले होते.

शेवंताबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी विचारले, “साहेब, हे तुम्ही गेल्यावर मिळणार ना?”

“हो. मृत्युपत्र म्हणजे...”

“आणि आधी मी गेले तर?”

मानस कागद चाळायला लागला.

“तुमची तब्येत बरी दिसतीय,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे गेलेत. हे सारं बरोबर लिहिलंय तुम्ही. पण तुम्ही मरायचे म्हणून आम्ही किती दिवस थांबायचं?”

एकोणऐंशी वर्षांचा सेक्शन ऑफिसर, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या मसुद्यात नव्हती. दुसऱ्याचे घर दुसऱ्याला परत करतानाही मी माझी सोय आधी लावून ठेवली होती.

म्हणून फ्लॅट ३०४ पुरते हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. येत्या एक डिसेंबरपासून फ्लॅटचा ताबा शेवंताबाई व कादंबरी यांचा. ताबापावती मानसने वेगळी केली आहे. मी यतीनकडे जाणार नाही, आणि या वयात मला कोणी खोली देत नाही, हे तीन दलालांकडे विचारून खात्री केली आहे. तेव्हा मागची छोटी खोली मला भाड्याने द्यावी, अशी विनंती मी केली. मायलेकी बाल्कनीत जाऊन बोलल्या. मग कादंबरीने येऊन सांगितले, “काका, राहा तुम्ही. भाडं दर महिन्याला. पर आई तुमचा स्वयंपाक करणार नाही. भांडी पण तुमची तुम्ही घासायची.”

मला राग आला. खरेच आला, क्षणभर. नंतर अटी मान्य केल्या. मी सध्या वरण-भात शिकत आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. मानस यांनी करावी. हे सर्व मी स्वखुशीने, वाचून, समजून लिहिले आहे. स्वखुशीने म्हणजे चिडत, पण स्वतःहून.

खाडाखोडीबाबत: कलम ५ च्या शेवटी मोकळी जागा आहे तिथे मी ‘त्यांनी केलेल्या उपकाराची फेड म्हणून’ असे लिहिले होते. ते शब्द शेवंताबाईंच्या सांगण्यावरून काढले. त्या म्हणाल्या, उपकार करायला आधी कोणी तरी विचारायला लागतं, यांना कोणी विचारलं नव्हतं. ही दुरुस्ती मला मान्य आहे.

मानसचे म्हणणे पडले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. मी त्याला सांगितले की मी शेवंताबाईंना काहीही देत नाही, तेव्हा त्यांच्या सहीला हरकत नाही. त्याने दोन पुस्तके उघडून पाहिली आणि हरकत मागे घेतली.

ठिकाण: द्वारका, नवी दिल्ली
दिनांक: १८ नोव्हेंबर २०१८

लिहून ठेवणार:
(सही) राजाराम हरिदास आठल्ये
राहणार: द्वारा श्रीमती शेवंता खरात, फ्लॅट ३०४, मागची खोली

साक्षीदार:

१. (सही) ॲड. मानस, वकील

२. (सही) शेवंता दामोदर खरात, घरमालकीण
सही करण्यापूर्वी सर्व पाने मुलीकडून वाचून घेतली. सव्वातास लागला. साहेब थांबले.